अम्माचं पाय

"पाय म्हणून सांगिटलों मी, अक्का. पाय."

"पायच काढलेत."

"हे पाय नव्हे."

"मग काय, हात आहेत?"

"थट्टा नको, अक्का. परवा सकाळी येथे साठ माणसं यायचं आहे. सगळं कोठे बसणार?"

"भोवती. मध्ये पाय, भोवती माणसं. तूच सांगिटलास, अम्माच्या पायाशी बसून म्हणावं."

"पायाशी म्हणून सांगिटलों नाही. पायवर."

"आईच्या पायावर बसतात कां कोणी?"

अनिरुद्धरावांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग ते तडक हॉलच्या कोपऱ्यात गेले. तिथे फरशी बसवणाऱ्या गवंड्यांची, दुपारी आडवं व्हायची एक प्लास्टिकची चटई गुंडाळून उभी केलेली होती. ती त्यांनी उचलून आणली आणि एका झटक्यात राजमच्या पुढ्यात उलगडली. सिमेंटची भुकटी उडाली.

"हे. हे पाय. आता कळलं?"

राजमनं चटईकडे पाहिलं. मग आपल्या कॅनव्हासकडे पाहिलं. अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, चारी बाजूंनी कमळकळ्यांची वेल, आत ठिपक्यांचं जाळं, आणि बरोबर मध्यावर, गेरूच्या पार्श्वभूमीवर, चार-चार फूट लांबीचे दोन पाय. म्हाताऱ्या बाईचे. टाचांना भेगा, बोटांत जोडवी, डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर किंचित चढलेलं.

"ऐयो," ती म्हणाली. अगदी हळू.

तमिळमध्ये चटईला पाय म्हणतात. तंजावूरच्या मराठी घरांत चटईला चटई म्हणणारा माणूस गेल्या तीन पिढ्यांत कुणी पाहिलेला नाही. अंगाला जोडलेला असतो तोही पाय आणि जमिनीवर अंथरतात तीही पाय. एरवी घोटाळा होत नाही, कारण एक पुरुष आहे आणि एक बाई. पाय दुखतो, पाय अंथरली जाते; पायावर डोकं ठेवतात, पायवर बसतात. पण अनिरुद्धराव सोळाव्या वर्षी गाव सोडून आधी कोइंबतूरला आणि मग चेन्नईला गेलेले. तिथल्या बँकेत तीस वर्षं तमिळ आणि इंग्रजी बोलून त्यांच्या मराठीतल्या बाया आणि पुरुष दोन्ही नाहीसे झाले होते. त्यांना जगातलं सगळं नपुंसकलिंगी. बस आलं, बँक उघडलं, माझं गायत्री झोपलं.

हे गायत्री, म्हणजे त्यांची बायको, आत्ता खिडकीशी उभी होती. मूळची साताऱ्याची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी या दोघांचं मराठी भांडण ऐकताना तिचा चेहरा अजून, खालची ओळ वाचत सिनेमा बघणाऱ्यासारखा व्हायचा.

"थांबा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला चटई हवी होती?"

"पाय," अनिरुद्धराव म्हणाले.

"आणि तुम्ही पाय काढलेत?"

"पाय," राजम म्हणाली.

गायत्री तोंडावर पदर धरून खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

राजम एकसष्ट वर्षांची, अनिरुद्धरावांच्या घरासमोरची शेजारीण. पापनाशमला जन्मली, तंजावूरला दिली, आणि मुलींच्या एका शाळेत तेहतीस वर्षं ड्रॉइंग टीचर होती. शाळा सुटली तरी गाव तिला टीचरच म्हणतं. नवरा बाळकृष्णराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना तिच्या कामातलं एकच कळतं, की रंगाच्या डब्यावर चहाचा पेला ठेवायचा नाही.

जमिनीवरच्या कॅनव्हासचं वेड तिला शाळेच्या स्टेजनं लावलं. गॅदरिंगला मुली नाचायच्या, स्टेजवर सिमेंटचे टवके निघालेले, आणि हेडमिस्ट्रेसला स्टेजभर कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, हवं. कोलमच्या पिठावरून दुसऱ्याच नाचात एक मुलगी घसरली आणि मनगट मोडून बसली. पुढच्या वर्षी राजमनं जाड कॅनव्हास शिवून घेतला, त्यावर प्रायमरचे चार हात दिले, कोलम रंगवलं, वर वार्निश चढवलं आणि स्टेजवर अंथरलं. मुली त्यावर अकरा वर्षं नाचल्या. मग फ्लॅटमधल्या बायका आल्या, ज्यांच्या दाराबाहेर कोलमला जागाच नव्हती. मग लग्नाचे हॉल, डॉक्टरांच्या वेटिंग रूम, कुंभकोणमच्या एका हॉटेलची पायरी.

भिंतीसाठी तिनं कधी काही काढलं नाही. तिचे वडील काचेखालची, सोनेरी वर्ख लावलेली देवांची चित्रं करायचे. ती चित्रं लोक उंचावर लावतात आणि वर्षातून एकदा पुसतात, याचा तिला लहानपणापासून कंटाळा होता. तिचं काम पायाखाली जायचं. म्हणून तिचा एक नेम होता. कॅनव्हास तयार झाला, की ती आधी आपले पाय बादलीत बुडवायची आणि ओल्या पायांनी त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. पाय घसरला तर वार्निशमध्ये बारीक वाळू मिसळून आणखी एक हात. पाय चिकटला तर आणखी दोन दिवस वाळवण. दोन्ही झालं नाही, की मगच ती फोन करायची आणि सांगायची, "मी चालले. आता तुम्ही चाला."

आणि पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही. हाच दुसरा नेम आत्ता अंगाशी आला होता.

अनिरुद्धरावांचा फोन आवणी महिन्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, आला होता. आई, विशालाक्षीकाकी, जाऊन वर्ष होत होतं. मेलवीथीवरच्या घराच्या माडीवर त्यांनी आईच्या नावानं भजनाचा हॉल बांधायला काढला होता. मार्गळीतल्या, म्हणजे धनुर्मासातल्या, एका शुक्रवारी तिथे पहिलं भजन व्हायचं होतं. फोन बसमधून केलेला. राजमला तो संवाद शब्द न् शब्द आठवत होता, आणि आता ती तो मनात पुन्हा वाजवून बघत होती, एकेका वाक्याला दोन-दोन अर्थ लावून.

"अम्माचं पाय काढा, अक्का. मोठं. सगळं तेथे बसून म्हणावं."

"कसे काढू?"

"होतं तसंच. तुम्ही बघिटलेलंच आहे नं."

"रंग?"

"तेच जुनं रंग. नवं वाटूं नये. आणि डाव्या बाजूला जळलेलं डाग होतं बघा, तेसुद्धा यावं."

"सरी," राजम होकार देत म्हणाली होती. आणि फोन ठेवून बाळकृष्णरावांना म्हणाली होती, "पोरगं चांगलं निघालं. आईच्या पायावरचा डाग लक्षात आहे त्याच्या."

बाळकृष्णराव तमिळ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "फोटो मागून घे." तिनं घेतला नाही. काकींचे पाय काढायला तिला फोटो कशाला हवा होता.

कारण कागद होता. पाच-सहा वर्षांपूर्वी अनिरुद्धरावांनी आईसाठी चेन्नईहून मऊ चपला घ्यायचं ठरवलं आणि माप मागवलं. राजम समोरच राहायची. तिनं काकींना जुन्या वहीच्या जोडपानावर उभं केलं आणि पेन्सिल फिरवून दोन्ही पायांची कड काढली. पेन्सिल डाव्या बोटांशी आली तेव्हा काकी हसून म्हणाल्या होत्या, "गुदगुल्या होतात गं, लवकर सोड." तो कागद टपालानं गेला. त्याखालच्या पानावर पेन्सिलीचा दाब उमटला होता, ते पान राजमनं ठेवून घेतलं. चपला आल्या. डावी घट्ट झाली, कारण ते चढलेलं बोट कागदावर सपाट दिसत होतं. काकींनी त्या एकदाही घातल्या नाहीत आणि फोनवर मुलाला सांगितलं, फार छान आहेत.

त्या पानावरून राजमनं हे पाय मोठे केले होते. चौकटी आखून, जसं ती शाळेत शिकवायची तसं. करंदैतल्या एका भाताच्या गोदामात, कापणीपर्यंत ते रिकामं होतं म्हणून. गुडघे गेलेले, डॉक्टरांनी खाली बसायला बंदी केलेली. तेव्हा दोन स्टुलांवर फळी आडवी टाकायची, तिच्यावर पालथं झोपायचं आणि हात खाली सोडून रंगवायचं. टाचेच्या भेगांना अकरा दिवस लागले होते. तिनं आजवर केलेल्या कामात त्या भेगांइतकं खरं काहीच नव्हतं, हे तिला माहीत होतं, आणि फळीवर पालथं झोपून इतकं मोठं काम आता पुन्हा होणार नाही, हेही.

"आणि हे काय?" अनिरुद्धराव आता कॅनव्हासच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांचं बोट डाव्या पायाच्या घोट्याखाली होतं, तपकिरी, पानाच्या आकाराच्या डागाकडे. "हे डाग कसलं?"

"तूच सांगिटलास. जळलेला डाग यावा."

"पायचं डाग ते. भजनाला आरती चाललं होतं, जळतं कापूर पडलं, अम्माचं पायचं कोपरा जळलं."

"कापूर कुठे पडला?"

"सांगिटलों नं. पायवर."

"पायवर पडला आणि पायावरपण पडला," राजम म्हणाली. "पायवर बसल्या होत्या नं त्या. आधी घोट्यावर पडला, मग खाली. तू सुट्टीवर आलास तेव्हा पायचा कोपरा जळलेला बघिटलास. पायावर मी मलम लावायची, पंधरा दिवस."

अनिरुद्धरावांनी डागाकडे पुन्हा पाहिलं. त्यांनी बोट मागे घेतलं.

"मला कळलंच नाही हे अम्माचं आहे म्हणून," ते म्हणाले. "वाटलं, कोणीतरी देवी."

"देवीला भेगा असतात कां?"

"अम्मानं कधी सांगिटलं नाही, भाजलं म्हणून."

"चपला घट्ट होतात म्हणून तरी कुठे सांगिटलं."

हे तिनं उगाच म्हटलं. बोलून झाल्यावर तिला कळलं, की चपलांचं त्यांना आजवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि प्रवीणकुमार वर आला. कॅनव्हास करंदैहून इथवर त्याच्याच टेम्पोतून आला होता; रंगाची बाजू बाहेर ठेवून, सहा इंची पाइपवर गुंडाळून, कारण रंग आत घेतला तर चिरा पडतात हे राजमनं त्याला दोनदा बजावलं होतं. उलगडल्यावर तो चहा आणायला खाली गेला होता. आता त्यानं चहाची किटली दाराशी ठेवली, चपला काढल्या, कॅनव्हासपाशी येऊन वाकला, रंगवलेल्या अंगठ्याला बोटं टेकवली आणि ती आपल्या डोळ्यांना लावली.

मग भिंतीला घासत, पूर्ण वळसा घालून, पलीकडच्या खिडकीशी जाऊन त्यानं गायत्रीला चहा दिला.

"सरळ ये की," राजम तमिळमध्ये म्हणाली. "मधून."

"कसं टीचर?"

"पायांनी. तसं चालण्यासाठीच आहे ते."

"तुमच्या सगळ्या कॅनव्हासवरून चाललोय मी, टीचर. हे आजीबाईंचे पाय आहेत. गल्लीतल्या कुणालाही विचारा. बोट बघून ओळखतील." आणि तो पुन्हा भिंतीला घासत परत गेला.

अनिरुद्धरावांनी हे पाहिलं. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि तोच राजमला जड गेला.

"बघा, अक्का. परवा सगळं असंच करणार. कोणी फूल ठेवणार, कोणी कुंकू. पुढच्या मार्गळीला येथे कठडं लागेल. मला देऊळ नको आहे. अम्मा सगळ्यांस आपल्या पायवर बसवायचं, जागा नाही म्हणून कोणास सांगायचं नाही. मला ते हवं आहे. बसायला जागा."

"लोक चालतील. सवय होते."

"कोण चालेल? एक माणूस दाखवा." मग ते थांबले. "तुमचं नेम आहे नं, ओलं पाय करून चालायचं? तुम्ही चाललात कां यावरून?"

"चालले की."

"मधून?"

राजम किटलीकडे गेली आणि स्वतःला चहा ओतून घेतला.

सोमवारी दुपारी ती चालली होती. वेलीवरून, ठिपक्यांवरून, चारी कडांनी. घोट्यापर्यंत आली, थांबली, आणि स्वतःला म्हणाली, इथला रंग अजून ओला आहे. रंग वाळून आठ दिवस झाले होते. मग ती वळसा घालून गेली होती, अगदी आत्ता प्रवीणकुमार गेला तसा.

गायत्री चहाचा पेला घेऊन जवळ आली. "राजमक्का, एक विचारू? हे भिंतीवर लावता येईल? समोर? म्हणजे कुणी पाय द्यायचा प्रश्नच नाही."

"नाही," राजम म्हणाली.

"फार सुंदर आहेत, म्हणून म्हटलं."

"भिंतीवर टांगलेले पाय कुठे जायचे?"

यावर गायत्रीला हसू आलं, पण तिनं ते चहात बुडवलं.

राजमनं पेला संपवला. वार्निशचा शेवटचा हात इथे येऊन द्यायचा म्हणून तिनं राखून ठेवला होता. उद्या सकाळपर्यंत वाळला तर उद्या संध्याकाळी कडा चिकटवायच्या. म्हणजे रंगाला हात लावायचा तर आजच, आणि आज संध्याकाळच्या आतच. वार्निश चढल्यावर देवाला सांगूनही काही बदलत नाही.

"किती मोठी होती?" तिनं विचारलं.

"काय?"

"काकींची पाय. ती पाय." तिनं 'ती'वर जोर दिला.

अनिरुद्धरावांनी दोन्ही हात पसरले, मग चार पावलं चालून दाखवलं. "एवढं. दोन बाजूंस लाल पट्टं, मध्ये हिरवं बारीक रेघ. कडेला निळं कापड शिवलेलं."

"कापड मीच शिवलेलं. जांभळं होतं." ती उठली. "प्रवीण, फळी आण खालून. आणि स्टुलं."

"पुसणार तुम्ही?" गायत्रीनं विचारलं.

"पुसत नाहीत. वरून जातात."

अकरा वाजता ती फळीवर पालथी झाली. लव्हाळ्याच्या चटईचा रंग पिवळा नसतो, पिवळ्यात जुनं तूप आणि थोडं शेवाळ मिसळलं तर जवळपास येतो. तिनं एका चपट्या ब्रशचे केस मधूनमधून कापून त्याला दात पाडले. असा ब्रश एकदा ओढला, की पाच काड्या एकदम उमटतात. कडेला पट्टी धरायची, श्वास रोखायचा, ओढायचा. सुटलं की पट्टी एक बोट पुढे. आधी गेरू झाकला गेला. मग उजवी टाच. भेगांवरून काड्या जाताना तिचा हात जरा थांबला, मग गेला. अकरा दिवसांचं काम साधारण वीस मिनिटांत झाकलं गेलं.

अनिरुद्धराव खुर्चीवर बसून बघत होते. पहिला तासभर. उजवा पाय नाहीसा झाला तेव्हा ते उठून सज्जात गेले. परत आले तेव्हा डावा पाय घोट्यापर्यंत उरला होता.

"डाग तसंच राहूं द्या," ते म्हणाले.

"डाग कोपऱ्यात यायचा. पायचा कोपरा येथे नाही, तेथे आहे."

"सरी."

"तेथे काढते."

"सरी, अक्का."

दोन वाजता ते मृदंगवाल्याला आणायला स्टेशनवर गेले. राजमची शेवटची काडी तेव्हाच संपली होती. आता गेरूच्या जागी एक जुनी, माणूसभर लांब चटई होती, लाल पट्टे, हिरवी रेघ, जांभळा काठ, कोपऱ्यात जळकं भोक. दोन पावलं मागून पाहिलं तर खोटी वाटत नव्हती. प्रवीणकुमार सरळ मधून चालत आला आणि म्हणाला, "आता बरोबर आहे, टीचर." राजमनं मान हलवली.

मग तिनं पिशवीतून वहीचं जुनं पान काढलं. पेन्सिलीच्या दाबाची कड तिनं केव्हाच शाईनं गिरवलेली होती. कात्रीनं तिनं दोन्ही पाय कापले. आतले तुकडे बाजूला टाकले आणि भोकं पडलेलं पान चटईच्या एका टोकाशी ठेवलं. चटईवर बसलेलं माणूस पाय खाली टेकवतं, तिथे. रंग अजून कोवळा होता. ओल्या फडक्यानं तिनं त्या दोन भोकांतून टिपायला सुरुवात केली. घासायचं नाही, नुसतं टिपायचं, टिपून उचलायचं. काड्या राहिल्या, त्यांचा रंग तेवढा उतरला. तीस-चाळीस वर्षं एकाच जागी एकाच माणसाचे पाय टेकले की चटई जशी विटते, तशी. मग कड मोडायला तिनं पान काढून बोटानं चोळलं, म्हणजे पाय म्हणून कुणाच्या नजरेत येऊ नये. डाव्या बाजूला, घोट्याच्या खाली येईल तिथे, तपकिरी रंगाचा एक ठिपका दिला. तिळाएवढा.

मान वर केली तेव्हा गायत्री समोर उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"हे त्यांना सांगायचं नाही?"

"काय सांगायचं?" राजम म्हणाली. "झिजलेली आहे. त्याला जुनीच हवी होती."

संध्याकाळी वार्निशचा हात दिला. गुरुवारी सकाळी तो वाळला होता. दुपारी राजम वरवंटा घेऊन आली, स्वतःच्या स्वयंपाकघरातला, जुन्या धोतरात गुंडाळून. कडा आत दुमडलेल्या होत्या. त्यांखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, कॅनव्हास सोडायचा आणि लगेच वरवंटा फिरवायचा, मधून कडेकडे, म्हणजे हवा राहत नाही. ती खुर्चीत बसून सांगत होती आणि प्रवीणकुमार गुडघ्यांवर रांगत वरवंटा ढकलत होता.

"टीचर, उद्या यावर चटणी वाटणार?"

"तू नीट ढकल. फुगा राहिला तर तुझं नाव सांगीन."

"फुगा नाही. चटणीचं विचारतोय मी."

चौथी कड बसली तेव्हा साडेपाच झाले होते. अनिरुद्धराव आणि गायत्री दाराशी येऊन उभे राहिले. राजमनं बादली मागवली, साडी जरा वर धरली, आणि एकेक पाय पाण्यात बुडवला. मग ती कॅनव्हासवर चढली.

वेलीवरून गेली. पाय घसरला नाही. ठिपक्यांवरून गेली. चिकटला नाही. चारी कडा झाल्यावर ती वळली आणि मधून निघाली, चटईच्या जळक्या कोपऱ्याकडून आत, लाल पट्ट्यावरून, हिरव्या रेघेवरून, दुसऱ्या टोकाकडे. फिकट जागेशी आल्यावर ती थांबली नाही. उजवा पाय एकीवर पडला, डावा दुसरीवर. तिचे पाय काकींपेक्षा मोठे. टाचा बाहेर उरल्या. पुढच्या पावलाला ती पलीकडे होती.

दाराशी येऊन तिनं पाय पुसले आणि पिशवी उचलली.

"मी चालले," ती म्हणाली. "आता तुम्ही चाला."

अनिरुद्धराव चालले. आधी कडेनं, मग मधून, मग चटईवर आले आणि चक्क मांडी घालून खाली बसले. तळहातानं काड्या चाचपल्या. खरवडून पाहिलं. चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. गायत्री दाराशीच होती, चौकटीला टेकून.

"अगदी तेच, अक्का. जांभळं काठसुद्धा. मी निळं म्हणत होतों." ते जरा पुढे सरकले. त्यांचा हात चटईच्या टोकाशी थांबला. राजमच्या ओल्या पावलांचे ठसे तिथे वाळत आले होते. ते वाळत गेले तसे खालचे दोन विटके डाग दिसायला लागले होते. "अक्का, येथे दोन ठिकाणी फिकं कां आहे? रंग कमी पडलं?"

राजम चपलेत पाय घालत होती.

"आणि हे येथे, तिळासारखं?" त्यांनी मान वर केली. "अक्का? हे काय आहे?"

राजमनं दुसरी चपल घातली, कठडा धरला आणि एकेक पायरी करत जिना उतरून गेली.